गच्चीवर चुना मारा, मग एसीचं बघू

काशीगावात स्वतःचं घर बांधणारे आपल्यासारखे अनेक जण आधी तळमजलाच उठवतात. वरचा मजला पुढे कधीतरी, म्हणून कॉलमच्या सळ्या तशाच उभ्या. तोवर उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. मग आपण आतून पीओपी सीलिंग करतो, एसी घेतो. स्लॅब तापायचा तो तापतोच!

ऊन वरूनच अडवायला हवं. खिसा रिकामा असेल तर मार्चमध्ये चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारा. पावसात जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च किरकोळ. थोडे पैसे असतील तर वॉटरप्रूफिंगवर एक्सपीएस शीट (थर्माकोलचीच दणकट बहीण) आणि वर पातळ कोबा. वजन वाढतं, आधी इंजिनिअरला विचारा.

तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं, पण खासगी घरांत सक्ती ६०० चौरस यार्डांच्या वरच. आपल्या महापालिकेने उलट करावं. छोट्या घरांना चुन्याचे पैसे द्या, कारण म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं दुपारभर त्याच स्लॅबखाली असतात. आणि सुरुवात? महापालिकेच्या शाळांच्या गच्चीपासून करा की!