मातीचा अंक आणि ‘स्यात्’

निवासी भागातील मातीत किती शिसे आढळल्यास पुढील चौकशी करावी? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९४ मध्ये उत्तर दिले : किलोमागे ४०० मिलिग्रॅम. जानेवारी २०२४ मध्ये हाच अंक २०० वर आणण्यात आला. माती तीच होती. तिच्याविषयीचे ज्ञान बदलले.

असा अंक तराजूवर मिळत नाही. अंगणात खेळणारे बालक रोज किती माती गिळते, त्यातील किती शिसे रक्तात उतरते, नमुना कोणत्या कोपऱ्यातून घेतला, अशा अनेक अनुमानांवर तो उभा असतो. जैन दर्शनातील ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘विशिष्ट अपेक्षेने’ हा त्याचा अर्थ. धोक्याचा अंकही असाच सापेक्ष सत्य असतो.

मात्र संदेह आहे म्हणून निश्चिंत राहणे व्यवहारातही बसत नाही. बुडण्याची शंका असलेले येणे कोणताही व्यापारी पूर्ण वसूल धरीत नाही; तो तरतूद करतो. बुडालेली रक्कम पुढील हंगामात भरून निघू शकते. शिशाने बालबुद्धीची केलेली हानी बहुधा भरून येत नाही. रक्तातील शिशाची निर्धोक पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथील तरतूद अल्प खर्चाची आहे : पादत्राणे उंबऱ्याबाहेर, ओल्या फडक्याने पुसलेली फरशी, भोजनापूर्वी धुतलेले हात. वस्तीत भंगारातील बॅटऱ्या फोडल्या जात असतील, तर त्या थांबविणे आणि मातीची तपासणी करविणे. अपूर्ण ज्ञानातही सावधपणे वागणे, हीच यतना.