पाच वेळा खरे, म्हणून नेहमीच खरे?

‘आमच्या सोसायटीत पाच जणांनी हा काढा घेतला आणि पाचही जणांची साखर उतरली,’ असे कोणी ठामपणे सांगितले, की ऐकणाऱ्याला रोजची गोळी नकोशी वाटू लागते. अशा वेळी मला एक संख्या आठवते : ४,२९,४९,६७,२९७.

२ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज त्यांना कशानेही पूर्ण भाग जात नाही. त्यावरून फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये अंदाज बांधला, की याच रीतीने पुढे मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असणार. आपल्याकडे सिद्धता नाही, हे त्याने कबूल केले होते. पण त्याला खात्री वाटत होती.

या मालिकेतली सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. हीच वरची दहा अंकी संख्या. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने दाखवून दिले, की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७ करून पाहा. उत्तर तंतोतंत येते.

ऑयलरच्या नियमानुसार या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाच उदाहरणांवर उभा राहिलेला अंदाज पाच भागाकारांत कोसळतो! पहिल्या पाचांपुढे या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

गणितासारख्या काटेकोर विषयात ही गत, तर शरीराच्या बाबतीत पाच उदाहरणांची किंमत किती? ज्यांना गुण आला नाही, ते सांगायला येत नाहीत. ज्यांना आला, त्यांची साखर काढ्याने उतरली, चालू गोळीने, की कमी केलेल्या भाताने, हे कळत नाही. म्हणूनच औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, एकाला औषध देतात आणि दोन्ही गटांची तुलना करतात.

शाळेत आपण मुलांना ‘आकृतिबंध ओळखा, पुढची संख्या लिहा’ असे शिकवतो. ते हवेच. पण ‘हे पुढेही टिकेल कशावरून?’ हा प्रश्नही त्याच तासाला विचारायला हवा, आणि त्यासाठी फर्माच्या सहाव्या संख्येइतके चांगले उदाहरण नाही. ती सवय लागलेला मुलगा मोठेपणी पाच जणांचे ऐकून गोळी बंद करणार नाही. आधी डॉक्टरांना विचारील.