तरवडापाशी थांबायला हवं

सप्टेंबर उजाडला की सातारा जिल्ह्यातली फुलं म्हणजे कास, असं आपण ठरवूनच टाकलं आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांमध्ये कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून हंगामातल्या सुट्टीला तिथे इतकी झुंबड उडू लागली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली आणि आधी नावनोंदणीची पद्धत आली. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं हे सारं डोळे भरून पाहण्यासारखं आहे, यात वादच नाही. पण मन जरा निवावं म्हणून जो फुलांचे फोटो काढायला निघतो, त्याने खटाव तालुक्यातल्या वडूजहून निम्मा दिवस गाडीत घालवून त्या गर्दीत उभं राहावं, हे मला पटत नाही. फुलांचे फोटो काढताना जी स्वस्थता लाभते, ती फुलाच्या देखणेपणातून थोडी आणि त्याच्यापाशी खिळून राहण्यातून फार मोठी येते, असं माझं मत आहे. आणि खिळून राहायला खटाव तालुक्याचा माळ, ज्याला आपण सरसकट पडीक म्हणतो, तो कासपेक्षा जास्त सोयीचा आहे.

याचं कारण फूल जवळून टिपण्याच्या कामातच आहे. डोंगराचा किंवा देवळाचा फोटो चालता चालता निघतो. नखाएवढ्या फुलाचा निघत नाही. कॅमेरा फुलाच्या अगदी जवळ नेला की जेमतेम काही मिलिमीटरचा भाग स्पष्ट येतो आणि त्याच्या पुढचंमागचं सगळं पुसट होतं. उघड्या माळावर वारा असतोच, देठ डोलत राहतो, म्हणून वारा पडेपर्यंत थांबावं लागतं. हात हलू नये म्हणून माणूस नकळत श्वास हळू सोडतो. गुडघे टेकावे लागतात, कारण माळावरची बहुतेक फुलं घोट्याच्या वर येतच नाहीत. शिवाय फुलांच्या वेळा ठरलेल्या असतात. विष्णुक्रांतेची निळी फुलं सकाळची, ऊन चढलं की ती मिटतात. धोतरा उमलतो तो दिवस कलल्यावर. त्या वेळा फूल ठरवतं, आपण पाळायच्या. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की दिवसभर जोर लावून एकाग्र राहणारं मन थकतं, आणि निसर्गातल्या गोष्टी त्याला जोर न लावता गुंतवून ठेवतात, म्हणून तिथे त्याला विसावा मिळतो. नुसतं रानात गेल्याने हा विसावा मिळेल याची खात्री नाही. डोक्यातला हिशेब रानातही चालूच राहतो. बारीक फुलावर फोकस धरताना मात्र दुसरा हिशेब करायला जागा उरत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ज्या मोबाइलने माणसाचं चित्त उडवलं, त्यालाच औषध कसं म्हणायचं? फोटो काढणारा खरं तर बघतच नाही, बघायचं काम तो यंत्रावर सोपवतो, असंही म्हटलं जातं. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी एका कलासंग्रहालयात हे तपासलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात असं दिसलं की ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना कमी आठवल्या, आणि ज्या नुसत्या पाहिल्या, त्या जास्त. आक्षेप खराच ठरला म्हणायचा. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्यांना वस्तूच्या एखाद्या बारीक भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं, त्यांच्या स्मरणाला धक्का लागला नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी आणि उभ्या उभ्या टिपून पुढे सरकण्याचा जास्त. क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलेक्सांड्रा बराश यांनी २०१६ मध्ये नऊ प्रयोग आणि दोन हजारांहून अधिक माणसं घेऊन दाखवलं की फोटो काढताना लोक अनुभवात जास्त गुंततात आणि त्यांना त्याचा आनंदही जास्त होतो. याच तिघांनी दोन वर्षांनी त्याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. फोटो समाजमाध्यमावर टाकायचा म्हणून काढला, तर आपण कसे दिसू ही काळजी मध्ये येते आणि आनंद घटतो; स्वतःसाठी काढला तर तसं होत नाही. कासच्या फुलांत बसून सेल्फी घेणारा आणि येरळेच्या काठी सराट्याच्या पिवळ्या फुलावर वाकलेला, दोघांच्या हातात एकच यंत्र असतं, पण कामं दोन निराळी चाललेली असतात.

मग माळावर बघण्यासारखं आहे तरी काय? तरवड घ्या. नवरात्रात घटाला माळ घालायला आपण ही फुलं ओंजळीने तोडतो, पूर्वी याच झुडपाची साल कातडं कमवायला जायची, पण त्याचं एक फूल नीट निरखलेला माणूस क्वचित भेटेल. पाच पिवळ्या पाकळ्या, मधले पुंकेसर एकसारखे नाहीत, काही लांब आणि बाकदार, काही आखूड. फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं आणि भुंगा आपलं अंग थरथरवून त्यातून पराग झाडून घेतो. ही थरथर टिपायची तर दहा भुंगे येऊन जाईपर्यंत बसावं लागेल. रुईचं तसंच. शनिवारी मारुतीला पानांची माळ जाते, तेव्हा फुलाकडे कोणाचं लक्ष जाणार! त्याच्या मधोमध पाच कोनांचा कोरीव मुकुट असतो, आणि पराग सुटे नसून जोडपिशव्यांत बांधलेले असतात, ते कीटकाच्या पायात अडकून पुढच्या झाडावर जातात. ज्या कंदीलपुष्पाच्या फोटोसाठी हौशी लोक सह्याद्रीचे कडे धुंडाळतात, ते रुईच्याच कुळातलं आहे. माशीला नळीत काही काळ कोंडून ठेवणारी त्याची रचना अजब आहे खरी, पण तिच्याइतकीच नवलाची कारागिरी वडूजच्या कोणत्याही बांधावर फुकट उभी आहे. (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढं मात्र सांभाळावं.) जखमेवर चोळायचा दगडी पाला, म्हणजे एकदांडी, मध्य अमेरिकेतून आलेली, तिचं जे एक फूल वाटतं, तो खरं तर अनेक बारक्या फुलांचा गुच्छ असतो. कासवर शेकडो जाती एकदम समोर येतात, म्हणून नजर एकीवर ठरत नाही. इथे एकाच तरवडाकडे रोज सकाळी जाता येतं, कळीपासून शेंगेपर्यंत.

असं सावकाश पाहणं या भागाला परकं नाही. खटाव तालुक्यातल्याच औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली वस्तुसंग्रहालय उभारलं. राजा स्वतः चित्रकार होता आणि एका छोट्या संस्थानाचा पैसा त्याने चित्रं बघण्यादाखवण्यावर खर्च केला. त्याच संस्थानातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतकीच रेखाटनाची वही जवळ बाळगत, आणि त्यांच्या लेखनातला माणदेश इतका नेमका उतरतो, त्याला चित्रकाराची नजरही कारण आहे. कोणी म्हणेल, मग चित्रच काढा, फोटो कशाला? चित्र काढता आलं तर उत्तमच; पण चित्रकलेला हात तयार लागतो आणि मोबाइल आज शाळकरी पोरापासून मेंढक्यापर्यंत बहुतेकांच्या हाती आहे.

सगळ्यात टोकदार आक्षेप वेगळाच आहे. पर्जन्यछायेतल्या तालुक्याला, जिथे टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले आणि जिथे कांद्याचा भाव पडला की घर हादरतं, तिथल्या माणसाला फुलांचे फोटो काढ म्हणणं ही पोट भरलेल्यांची चैन नाही का? पाणी, भाव आणि कर्ज या प्रश्नांना फूल उत्तर देत नाही, आणि तसं कोणी सुचवलं तर ते संतापजनक ठरेल. ज्याच्या मनावर आजारच बसला आहे, त्याला डॉक्टर हवा. सरकारची टेली मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, ती वापरावी. पण चैनीचा आरोप मला मान्य नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. झाड दिसण्याची गरज सुखवस्तू माणसापुरती नाही, ती दुखणाऱ्या माणसाला अधिक आहे. शिवाय कासला जायला गाडी, सुट्टी आणि पैसे लागतात. बांधावरच्या सराट्याला यातलं काहीच लागत नाही. चैन कोणती, हे यावरून ठरवावं.

म्हणून वडूजच्या शाळा-महाविद्यालयांनी एक करून बघावं. प्रत्येक मुलाने आपल्या वाटेवरचं एक झाड निवडावं आणि वर्षभर त्याच झाडाचे फोटो काढावेत, तारीख, वेळ आणि गावातलं नाव लिहून. फूल तोडायचं नाही, देठ वाकवून उजेडात आणायचा नाही, स्पर्धा आणि बक्षीस ठेवायचं नाही, कारण बक्षीस आलं की पुन्हा दाखवण्याची घाई आली. फोटो वर्षाअखेरीपर्यंत कुठे टाकायचे नाहीत. नंतर ते एकत्र करून तालुक्याची फुलनोंद तयार करता येईल, आणि एखादं दुर्मिळ झाड सापडलंच तर त्याचं नेमकं ठिकाण लपवून. या नोंदीने ‘पडीक’ म्हणून सातबाऱ्यावर चढलेल्या माळाची किंमतही थोडी कळेल. पावसाळ्याच्या तोंडावर शाळा उघडतात, तेव्हाच सुरुवात केली तर घटस्थापनेपर्यंत तरवड फुलावर आलेला असेल.