गिटारवाल्यांना एक वर्गखोली द्या

डोंबिवलीकरांनो, आज खड्डे, पाणी आणि रिक्षा यावर लिहीत नाहीये. ते उद्यापासून परत आहेच. आजची मागणी जरा वेगळी आहे, काही जण हसतील, हसू द्या. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी सुटल्यावर रिकाम्या असतात. त्यातल्या निदान दोन-चार खोल्या रात्री साडेनऊपर्यंत गावातल्या हौशी वादकांना सरावासाठी मिळाव्यात. फुकट नको, तासाला परवडेल असं भाडं घ्या.

मी गिटार वाजवतो. पोट त्यावर नाही. पोट दादरच्या पुढे एका ऑफिसात हिशेब तपासण्यावर चालतं. माझ्यासारखे या शहरात किती आहेत हे कुणी मोजलेलं नाही, पण संध्याकाळी लगेजच्या डब्यात बघा. टोपल्या, डबे, कुणाच्या तरी टीव्हीचा खोका, आणि त्या गर्दीत पाठीवरची काळी बॅग पोटाशी धरून उभा राहिलेला एखादा जण दिसेलच. साध्या डब्यात त्या बॅगेला जागा नाही. तिथे आम्ही चढलो की पहिला शेरा ठरलेला, "काय हिरो, बँड आहे का?" हसून सोडायचं. गिटारीची मान वाचवणं जास्त महत्त्वाचं.

घरी पोचायला आठ-सव्वाआठ. हातपाय धुणं, जेवण, मुलाचा गृहपाठ, आणि गिटार बाहेर येते सव्वानऊला. दहाला थांबायचं. म्हणजे पाऊण तास. पावसाळ्यात त्यातली सुरुवातीची दहा मिनिटं सुरात लावण्यात जातात, कारण दमट हवेत लाकूड फुगतं, तारा वर उचलल्यासारख्या होतात, बोट जास्त दाबावं लागतं. बॅगेत चपलांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. आपल्याकडच्या घामाने स्टीलच्या तारा दोन महिन्यांत गंजतात. बोटांची टोकं टणक झालेली असतात, आठवडाभर वाजवलं नाही की ती मऊ पडतात आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून दुखायला लागतात. हे सगळं तक्रार म्हणून सांगत नाहीये. हौस आहे, हौसेचं काय ते आपण सोसायचं. प्रश्न त्या पाऊण तासाचा आहे, आणि त्यात मध्ये असलेल्या भिंतीचा.

आमच्या इमारतीची भिंत अशी आहे की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. मग माझी गिटार त्यांना ऐकू जाणारच. शेजारी एक मुलगी बारावीला आहे, वरच्या मजल्यावर एक काका रात्रपाळी करून सकाळी येतात. हे लोक चिडले तर चूक त्यांची नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. एकच ओळ चाळीस वेळा ऐकणं ही शिक्षाच आहे, आणि सराव म्हणजे तेच असतं. पूर्ण गाणं पाहुण्यांसमोर एकदा वाजतं, शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो तो एफवरून जीवर जाताना अडखळणारा हात. गच्चीला कुलूप. क्लब हाऊस नव्या टॉवरवाल्यांकडे आहे, आमच्या जुन्या सोसायट्यांकडे एक मीटरची खोली आणि पाण्याची टाकी.

कायदा काय म्हणतो तेही बघा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. लोकांना वाटतं हे फक्त डीजेसाठी आहे. तसं नाही. रात्रीच्या बंदीत लाऊडस्पीकरबरोबर वाद्याचाही उल्लेख आहे. सूट आहे ती बंदिस्त जागेला: सभागृह, कम्युनिटी हॉल, अशा ठिकाणी आतल्या आत वाजवायला. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही कळलं होतं की वाजवणाऱ्याला चार भिंती लागतात. त्या भिंती द्यायच्या कुणी, एवढंच राहून गेलं. आणि सण असले की सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत लाऊडस्पीकरला रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. सणांना द्या, माझी ना नाही. पण वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस ज्याला हळू आवाजात, बंद खोलीत वाजवायचंय त्याच्यासाठी काय?

"हेडफोन लाव ना." हा सल्ला मला दर महिन्याला मिळतो. एकट्याचा सराव इलेक्ट्रिक गिटारवर हेडफोनमध्ये होतो, खरं आहे. चौघांचा होत नाही. आमचा चौघांचा ग्रुप आहे: एक शाळेतल्या बाई गातात, एक जण मेडिकलचं दुकान सांभाळून कहोन वाजवतो (ती बसायची पेटी, जिच्यावर हाताने ठेका धरतात), कीबोर्डवाला ठाण्याला शिफ्टमध्ये आहे, आणि मी. बाईंचा सूर काळी चार. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या आकारात वाजवतो, सूर जुळतो. हे कागदावर सोपं आहे. पण बाई अंतऱ्याला किंचित थांबतात, श्वास घेतात, आणि त्या थांब्याला आम्हा तिघांना एकत्र थांबायचं असतं. मोबाईलमधला मेट्रोनोम कुणासाठी थांबत नाही. ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघूनच जमतं, एका खोलीत, चार फुटांवर. व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग पाठवून आम्ही सहा महिने प्रयत्न केला. प्रत्येकाचं वाजवणं बरोबर, आणि एकत्र ऐकलं की भांड्यांचं दुकान.

भाड्याचे जॅम रूम आहेत, तासाला चार-पाचशे मागतात. आठवड्यातून दोनदा दोन तास धरले तर महिन्याचे आठ हजार. ज्यांचा धंदा आहे त्यांनी मागितलेच पाहिजेत, एसी, साऊंडप्रूफिंग, अँप्लिफायर सगळं असतं तिथे. पण आम्हाला अँप्लिफायर नकोच आहेत. एक पंखा, एक ट्यूबलाइट, चार खुर्च्या. दिवाळीपासून कीबोर्डवाला येईनासा झाला, गेल्या महिन्यात त्याने कीबोर्ड विकायला काढला. भांडण झालं नाही, काही झालं नाही. भेटायला जागा नव्हती, एवढंच.

आता कुणी म्हणेल, अरे गिटार काय, ते पाश्चात्त्य वाद्य, श्रीमंतांचे चोचले. माझी पहिली गिटार गिव्हसन होती, कोलकात्यात बनलेली, जुनी घेतलेली. या शहरात गिटार शिकणारी निम्मी पोरं वन रूम किचनमधली आहेत. आणि जागेची ही मागणी फक्त गिटारीसाठी नाही. तबला, बासरी, हार्मोनियम, व्हायोलिन, सगळ्यांचं दुखणं तेच. जिथे जागा आहे तिथे काय होतं तेही समोरच आहे. भजनी मंडळांना देवळाचा सभामंडप आहे, म्हणून साठीतल्या आजोबांबरोबर पंधराचा मुलगा पखवाज शिकतो. ढोल-ताशा पथकांना जुलै-ऑगस्टमध्ये मैदानं मिळतात, म्हणून शे-दोनशे पोरं-पोरी एका ठोक्यात वाजवतात. नाटकवाल्यांसाठी तर राज्य सरकार दरवर्षी हौशी मराठी नाट्य स्पर्धा घेतं, ती साठ वर्षांहून जुनी आहे. हौशी हा शब्द तिथे मानाचा आहे. नाटकाच्या तालमीला शाळेचा वर्ग मागितला तर कुणाला नवल वाटत नाही. गिटार घेऊन मागितला की विचारतात, "पार्टी आहे का?"

गोव्याचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याची इतकी माणसं कुठून आली? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, अशी कितीतरी नावं. आपण सहज म्हणून टाकतो, गोवेकरांच्या रक्तातच संगीत. रक्तात कशाला असेल? गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत होते. एक खोली, एक शिकवणारा आणि रोजची ठरलेली वेळ. पिढ्यान्‌पिढ्या ते चाललं. त्यातले बहुतेक जण व्यावसायिक झाले नाहीत, गावात लग्नाला आणि फेस्ताला वाजवत राहिले. पण त्या मोठ्या हौशी गर्दीतूनच मुंबईला वाजवणारे मिळाले. आपल्याकडे दरवर्षी टीव्हीवरच्या स्पर्धेत आपला मुलगा जिंकला की चौकात बॅनर लागतात. तो मुलगा सराव कुठे करत होता हे बॅनर लावणाऱ्यांनी एकदा विचारावं.

अडचणी मलाही दिसतात. चावी कुणाकडे, वीजबिल कुणाचं, रखवालदाराला थांबायचे जादा पैसे कोण देणार, बाक मोडला तर काय, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे चार दिवसांनी ती खोली कुणाच्या तरी दादाच्या मंडळाचं ऑफिस होणार. शेवटची भीती खोटी नाही, आपण सगळे इथेच राहतो. पण याच शहरांमध्ये मुलांसाठी अभ्यासिका चालतात. तिथे रजिस्टर आहे, ओळखपत्र आहे, वेळ ठरलेली आहे. तसंच इथे. चौघांच्या गटाने आधार कार्ड दाखवून नाव नोंदवायचं, तासाला पन्नास रुपये, एका गटाला आठवड्यात दोनच वेळा, स्पीकर आणि अँप्लिफायर आणायचे नाहीत, साडेनऊला खोली झाडून चावी परत. तक्रार आली तर तो गट बाद. शाळेला लागून घरं असतील तर खिडक्या बंद ठेवायच्या. उन्हाळ्यात उकडेल, आम्ही उकडून घेऊ. सुरुवातीला पूर्वेला एक शाळा, पश्चिमेला एक शाळा, सहा महिने करून बघा. नाही जमलं तर बंद करा.

आणखी एक. "वाजवाल कुठे, कॉपीराइटवाले पकडतील" अशी भीती बरेच जण घालतात. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर गाणं सादर केलं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात त्याला मुभा आहे. तिकीट लावलं, हॉटेलने पैसे देऊन बोलावलं, की गोष्ट वेगळी. म्हणजे महिन्यातून एका रविवारी त्याच शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी सहा ते आठ, आसपासच्या लोकांना फुकट ऐकवायचं ठरवलं तर कायदा आडवा येत नाही. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर जी तरुण गर्दी लोटते तिच्यातल्या दहा टक्के पोरांनी जरी वाजवायचं मनावर घेतलं तरी वर्षभराचे रविवार भरतील. आणि तेव्हा ती बारावीची शेजारीण पूर्ण गाणं ऐकेल, ते चाळीस वेळा अडखळणं न ऐकता.

मी प्रभाग कार्यालयात द्यायचा अर्ज तयार केलाय, एका पानाचा. त्यावर फक्त गिटारवाल्यांच्या सह्या नको आहेत, शेजाऱ्यांच्याही हव्यात, उलट त्यांच्याच जास्त हव्यात. तुमच्या घराजवळ महापालिकेची कोणती शाळा आहे आणि ती किती वाजता सुटते, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. पूर्वेकडच्या पाच शाळा मी सायकलवरून बघून आलोय, पश्चिमेची यादी अर्धीच झालीये. पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता सह्यांचे कागद घेऊन मी स्टेशनबाहेर पूर्वेला उभा असेन. पाठीवर काळी बॅग असेल, ओळखायला सोपं जाईल.