पैसे मागच्या चाकात घाला

शंभर किलोच्या आसपास वजन असलेला माणूस माउंटन बाइक घ्यायला गेला की दुकानदार आधी पुढचे सस्पेन्शन दाबून दाखवतो, मग गिअर मोजून दाखवतो. गिऱ्हाइकाने खरे तर मागचे चाक पाहायला हवे. बसणाऱ्याचे निम्म्याहून जास्त वजन तेच पेलते आणि पेडलचा जोरही तेच सोसते. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. २९ इंची चाकात हे एका किलोमीटरला सव्वाचारशेहून जास्त वेळा घडते, आणि वजन वाढेल तसा हा चढउतार मोठा होतो. स्पोक तुटतो तो बहुधा एखाद्या खड्ड्यामुळे नव्हे, तर थकून. तोही हबजवळच्या वाकलेल्या टोकाशी. दुधाच्या कॅनी वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, ते उगाच नव्हे.

दुसरी कमजोरी हबमध्ये असते. स्वस्त गिअरच्या सायकलींत फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, हबवर आट्यांनी बसवलेले असते. उजवे बेअरिंग त्याच्या आतल्या बाजूला राहते आणि ॲक्सलचा बराच भाग आधाराविना पडतो. भारी माणसाखाली ॲक्सल वाकतो तो तिथेच. फ्रीव्हीलऐवजी कॅसेट असलेल्या हबमध्ये हे बेअरिंग फ्रेमजवळ सरकते, म्हणून थोडे जास्त पैसे मोजून कॅसेटचाच हब घ्यावा. त्या दिमाखदार सस्पेन्शनची स्प्रिंग स्वस्त सायकलीत मध्यम वजनाच्या माणसासाठी निवडलेली असते. जड माणूस बसला की ती अर्धी दबूनच राहते. हवेचे सस्पेन्शन परवडत नसेल तर साधा फोर्क आणि रुंद टायर बरे. ब्रेकचे गणित सोपे: १६० मिलिमीटरऐवजी १८० ची डिस्क लावली की तेवढ्याच दाबात जास्त पकड मिळते.

यावर कोणी म्हणेल, सायकल जड होईल. पण मागच्या चाकात ३२ ऐवजी ३६ स्पोक घेतले तर वाढतात जेमतेम तीस ग्रॅम. शंभर किलोंच्या हिशेबात ते कुठे दिसणार? ‘आधी वजन उतरवा’ हा सल्ला तर उफराटाच आहे, कारण अनेकजण सायकल घेतात ती त्याचसाठी. कंपनीने दिलेली वजनमर्यादा पाहिली की झाले, असेही म्हटले जाते. ती पाहावीच, पण त्या आकड्यात बहुधा सायकल आणि सामानही धरलेले असते, आणि कारखान्यातून आलेल्या चाकाचे स्पोक किती ताणले आहेत हे त्यातून कळत नाही. नीट बांधलेले ३२ स्पोकांचे चाक ढिसाळ बांधलेल्या ३६ च्या चाकापेक्षा टिकते, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. किंबहुना त्यामुळेच हाताने चाक बांधणाऱ्या चांगल्या मेकॅनिकची मजुरी ही कार्बनच्या हँडलपेक्षा शहाणपणाची खरेदी ठरते. नव्या चाकाचे स्पोक सुरुवातीच्या काही फेऱ्यांत बसतात, तेव्हा त्याच्याकडून ताण तपासून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा. पुढे एखादा स्पोक तुटला तर तेवढाच बदलावा. एकामागोमाग तीन तुटले तर बाकीचेही तितकेच थकले आहेत असे समजून सगळे नवे घालावेत.