कॉपी केलेली मराठी कुठे हरवते?

शीव कोळीवाड्यात राहणारी, नववीत शिकणारी एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक तक्रार घेऊन आली. शाळेच्या वार्षिक अंकासाठी ती शीवच्या किल्ल्यावर लेख लिहीत होती. जेरार्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी बांधलेला हा किल्ला तिच्या घरापासून पायी जाण्याजोगा आहे. काही वर्षांपूर्वीच्या अंकात एका माजी विद्यार्थ्याने याच किल्ल्यावर लिहिले होते आणि त्या लेखाची फाइल शाळेच्या संगणकावर होती. त्यातला एक उतारा, लेखकाचे नाव देऊन, आपल्या लेखात घ्यावा असे तिने ठरवले. उतारा निवडला, कॉपी केला आणि आपल्या पानावर पेस्ट केला. पानावर उमटली ती इंग्रजी अक्षरांची खिचडी! "काका, मी तर मराठी उचलली होती, मग ही कुठली भाषा आली?" असा तिचा प्रश्न होता.

विद्यार्थी मित्रहो, तिचा संगणक बिघडला नव्हता, फाइलही खराब झालेली नव्हती. संगणकाने दिले होते तेच उचलले होते आणि तेच आणून टाकले होते. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न एका मुलीच्या गृहपाठाचा नाही. आपल्या शाळांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिले, त्यातले पुष्कळसे याच अवस्थेत पडून आहे. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नाहीच. ते वेळीच सोडवून घेतले पाहिजे. हे काम विद्यार्थ्यांना करता येईल, फक्त त्यासाठी रोज वापरातला क्लिपबोर्ड काय करतो ते नीट समजले पाहिजे.

कात्री आणि डिंकाची ही जोडी संगणकात आली ती छापखान्याच्या टेबलावरून. पूर्वी संपादक मजकूर पुढेमागे करायचा झाला, तर कागद खरोखरच कात्रीने कापून दुसरीकडे चिकटवीत. अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास 'जिप्सी' नावाचा लेखन-प्रोग्रॅम तयार केला. तो गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तके काढणाऱ्या प्रकाशन संस्थेसाठी होता, हे तुम्हांला आवडेल. मजकूर कापणे, उचलणे आणि चिकटवणे ही कामे त्यात आजच्यासारखी सोपी झाली. पुढे १९८३ साली ॲपलच्या 'लिसा' संगणकात 'क्लिपबोर्ड' हे नाव आणि ही सोय लोकांपुढे आली. टेस्लर २०२० साली वारले. त्यांची ही करामत मात्र आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर चालते.

आता क्लिपबोर्ड म्हणजे काय ते पाहू. ती संगणकाच्या स्मृतीतली एक राखीव जागा असते. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाणारा माल या जागेतून जातो. शीव या नावाचा अर्थच मुळी सीमा. मुंबई बेट आणि साष्टी यांची हद्द इथे होती. क्लिपबोर्ड ही तशीच दोन प्रोग्रॅमांमधली शीव आहे, असे समजा. इथून पलीकडे काय जाते आणि काय अलीकडेच राहते, हा खरा प्रश्न आहे.

पलीकडे अक्षरांची चित्रे जात नाहीत, जातात ते आकडे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला संकेतांक असतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'म'चा संकेतांक २३५०, 'र'चा २३५२, काना २३६६, 'ठ'चा २३३६ आणि दीर्घ ईकाराचा २३६८ आहे. म्हणून 'मराठी' हा शब्द कॉपी केला, की २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ अशी पाच आकड्यांची माळ क्लिपबोर्डावर जाते. त्यांवरून अक्षरे रेखाटण्याचे काम नंतर फाँट करतो. फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, पण 'म'चा 'म'च राहील.

मजकूर उचलताना बहुतेक लेखन-प्रोग्रॅम तो क्लिपबोर्डावर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवतात. एका रूपात फाँटाचे नाव, रंग, ठळकपणा हे सगळे असते. दुसऱ्या रूपात नुसते आकडे असतात, त्याला साधा मजकूर म्हणू. घेणारा प्रोग्रॅम आपल्याला पेलेल ते रूप घेतो. विंडोजमधल्या नोटपॅडला मजकुरासोबत फाँटाचे नाव किंवा रंग ठेवता येत नाही, म्हणून तो ते घेतच नाही. म्हणजे सजलेल्या पाहुण्याचे दागिने हद्दीवर उतरवून घेतले आणि माणसाला आत सोडले, असा हा प्रकार आहे.

मग त्या मुलीच्या उताऱ्याचे काय झाले? त्यात दागिने उतरल्यावर आत मराठी माणूसच नव्हता! संगणक आपल्याकडे आले तेव्हा एका अक्षरासाठी २५६ घरे एवढीच सोय सर्रास असे आणि त्यांपैकी पहिली १२८ घरे इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे यांना दिलेली होती. देवनागरीला स्वतंत्र घर नव्हते. तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत देवनागरीची चित्रे बसवली. पुष्कळ वापरल्या गेलेल्या 'कृतिदेव' या जुन्या फाँटाचे उदाहरण घ्या. त्यात 'म'चे चित्र इंग्रजी ई या अक्षराच्या घरात आहे, 'र'चे जे या अक्षराच्या, काना के या अक्षराच्या, 'ठ' मोठ्या लिपीतल्या बी या अक्षराच्या आणि दीर्घ ईकार एच या अक्षराच्या घरात. म्हणून त्या फाँटात 'मराठी' लिहिले, की संगणकाच्या स्मृतीत १०१, १०६, १०७, ६६, १०४ एवढेच जाते. हे आकडे इंग्रजी अक्षरांचे आहेत. फाँटाचे नाव सोबत आहे तोवर पडद्यावर 'मराठी' दिसते. साधा मजकूर म्हणून पेस्ट केले, की फाँट गळतो आणि 'ई जे के बी एच' उघडे पडते.

ही युक्ती वाईट हेतूने केलेली नव्हती, हे सांगणे न्यायाचे होईल. तिच्यामुळेच मराठी मजकूर संगणकावर जुळवता आला, अंक वेळेवर छापून निघाले, टंकलेखन शिकलेल्या लोकांना ओळखीच्या कळा मिळाल्या. पण ती सोय छपाईपुरती होती. छापलेल्या कागदाला संकेतांक लागत नाहीत. जपून ठेवायच्या, शोधायच्या, इकडून तिकडे न्यायच्या मजकुराला मात्र ते लागतात. भारतीय लिप्यांसाठीच्या 'इस्की' या संकेतप्रणालीला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा विभाग होता. विंडोज २०००पासून घरगुती आणि कचेरीतल्या संगणकांवर युनिकोड देवनागरी लिहिण्याची सोय येऊ लागली. म्हणजे आता अडचण यंत्राची उरलेली नाही. उरली आहे ती सवयीची.

"छापील अंक सुंदर दिसतो ना, मग आत काय आहे त्याच्याशी आम्हांला काय करायचे?" असे काही जण विचारतील. त्यांना मी तीन गोष्टी सांगेन. पहिली, अशा फाइलमध्ये 'किल्ला' हा शब्द युनिकोडमध्ये लिहून शोधला, तर तो सापडत नाही, कारण संगणकाच्या मते तो तिथे नाहीच. दुसरी, तो फाँट ज्या संगणकावर नाही, तिथे सारा लेख खिचडी होतो. आणि संगणक तर दर काही वर्षांनी बदलतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने वाचतात. तो प्रोग्रॅम चित्र पाहत नाही, संकेतांक वाचतो. युनिकोडमधला लेख तो मराठीत वाचून दाखवील. जुन्या फाँटातल्या लेखाच्या जागी त्या मुलाच्या कानांवर 'ई जे के बी एच' पडेल. शाळेच्या अंकातून एका विद्यार्थ्याला असे बाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप असा येईल, की जुना फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम आहेतच, एक कळ दाबली की झाले. ते आहेत आणि जरूर वापरावेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी चित्राप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकित होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. 'सूर्य' या शब्दातला रफार जुन्या फाँटात 'य'च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये 'र' आणि हलंत ही जोडी 'य'च्या आधी. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला ही उचलाउचल करावी लागते. जोडाक्षर लांबले, मध्येच इंग्रजी शब्द आला, की तो चुकण्याचा संभव असतो. म्हणून छापील अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा वाचक हवा. हे काम विद्यार्थ्यांइतके चांगले कोण करील?

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आपल्या शाळेच्या जुन्या अंकांच्या फाइली मिळवा. त्यांतली एखादी ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आली, तर ती फाइल निभावली. खिचडी आली, तर ती बदलायच्या यादीत घाला. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत बदला, ताडून पाहा आणि युनिकोडमध्ये जतन करा. आणखी एक छोटा प्रयोग करा. 'विज्ञान' हा शब्द युनिकोडमध्ये लिहा आणि मागे खोडणारी कळ एकेकदा दाबत जा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो शब्द सात वेळा दाबल्यावर पूर्ण जाईल : न, काना, ञ, हलंत, ज, वेलांटी, व. दिसताना तीन अक्षरे, आत सात संकेतांक!

या कामात क्लिपबोर्डाचा इतिहास ठेवणारी सोय फार उपयोगी पडते. साध्या क्लिपबोर्डावर एका वेळी एकच गोष्ट राहते, नवी आली की जुनी गेली. विंडोजमध्ये २०१८पासून विंडोजची कळ आणि व्ही एकदम दाबले, की ही सोय सुरू करता येते. मग उचललेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी मिळते. अंकाचे वर्ष, 'इयत्ता नववी' यांसारखे पुन्हा पुन्हा लागणारे तुकडे टाचून ठेवता येतात. 'डिट्टो' नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम याहून मोठी यादी ठेवतो. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या, की मजकूर साधा होऊनच उतरतो. ती सवय लावून घ्या. एक सावधगिरी मात्र बाळगा. तुम्ही पासवर्ड किंवा घरचा फोन नंबर कॉपी केला, तर तोही या यादीत जाऊन बसतो. शाळेतला किंवा दुकानातला संगणक अनेकांच्या हातांखालून जातो. उठण्यापूर्वी यादी पुसून टाका.

शिक्षकांना एक विनंती. "कॉपी-पेस्ट करू नका" असे आपण मुलांना सांगतो. न वाचता उचलण्याबद्दल ते योग्यच आहे. पण क्लिपबोर्ड हे अवजार आहे. कात्रीने बोट कापते म्हणून आपण हस्तकलेचा तास बंद करत नाही, कात्री धरायला शिकवतो. कॉपी करताना काय पलीकडे जाते हे ज्याला कळले, त्याला हेही सांगता येईल, की मूळ लेखकाचे नाव आपोआप पलीकडे जात नाही, ते आपणच लिहायचे असते. आणि यापुढे अंक जुळवायला देताना मजकूर युनिकोडमध्येच हवा, अशी अट घाला. टंकलेखन यंत्राच्या जुन्या कळा ज्यांच्या बोटांत बसल्या आहेत, त्यांना त्याच मांडणीने युनिकोड लिहिण्याचीही सोय आहे, तेव्हा कोणाचे काम अडायचे कारण नाही.

त्या मुलीने शेवटी तो उतारा बदलून घेतला. छापील अंकाशी ताडला, तेव्हा चार ठिकाणी वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसलेली तिला सापडली. ती तिने दुरुस्त केली, खाली माजी विद्यार्थ्याचे नाव आणि अंकाचे वर्ष लिहिले. किल्ल्यावरचा तो जुना उतारा आता शोधला तर सापडतो, वाचून दाखवला तर ऐकू येतो, आणि उद्या दुसऱ्या कोणी कॉपी केला, तर मराठीच राहतो. तुमच्या शाळेच्या कपाटात आणि संगणकात असे किती लेख वाट पाहत असतील? या सुट्टीत निदान एका अंकाची नोटपॅडमध्ये परीक्षा घ्या.