मोंढा रुळांपर्यंत गेला पाहिजे

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला प्रवासी गाडी सुटली. १९९५-९६ मध्ये मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला बीड गाठायला तीस वर्षे लागली. केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंडेंपर्यंत अनेकांनी या मार्गासाठी दिल्लीत पाठपुरावा केला, राज्याने निम्मा खर्च उचलला, २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली. एवढी वाट पाहिलेल्या गावाने आनंद करावा यात नवल नाही. आम्हालाही तो झाला आहे.

मात्र हे मासिक वाचणारे अडते, जिनिंगवाले, डाळमिलवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. प्रवासी गाडीने बीडच्या मोंढ्याचे फारसे काही बदलणार नाही. ही गाडी नगरला पोहोचायला पाच-साडेपाच तास घेते, तेवढ्यात रस्त्याने माणूस जाऊन कामाला लागलेला असतो. विद्यार्थ्याला, दवाखान्यासाठी निघालेल्या कुटुंबाला स्वस्त तिकिटाचा आधार झाला आणि तो मोठाच आहे. पण गावाचा व्यापार वाढतो तो माल रुळावर चढला की.

जालन्याकडे पाहा. गोदावरी खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास गेला तेव्हा औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे त्यावर आली आणि बीड बाजूला राहिले. जालन्याच्या कापूस व्यापाराला, पुढे बियाणे आणि स्टीलला त्या रुळांचा आधार मिळत गेला. आपल्या जिल्ह्यात परळीला रेल्वे जुनी आहे, औष्णिक केंद्राचा कोळसा तिने येतो, पण आष्टी-पाटोदा-शिरूरच्या शेतकऱ्याला परळी म्हणजे जिल्ह्याचे दुसरे टोक. त्याचा कांदा आजवर ट्रकनेच गेला.

कांद्याचेच घेऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीच्या किशनगंजला ‘कांदा एक्स्प्रेस’ गेली. ४२ वाघिणी, १६०० टन कांदा. तेवढाच माल रस्त्याने न्यायला ५६ ट्रक आणि सुमारे ८४ लाख रुपये लागले असते, रेल्वेने सुमारे ७० लाखांत काम झाले, असा हिशेब सरकारने त्या वेळी दिला. एका रेकमागे चौदा लाखांच्या आसपास वाचत असतील, तर कडा आणि आष्टीच्या बाजारात भाव काढणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

आता त्याच आकड्याची दुसरी बाजू. १६०० टन म्हणजे पन्नास किलोच्या बत्तीस हजार गोण्या. शंभर हमाल लावले तरी माणशी तीनशे वीस गोण्या वाघिणीत चढवाव्या लागतात, आणि तेही रेल्वेने ठरवून दिलेल्या तासांत. तास उलटले की डेमरेज सुरू, धक्क्यावर माल पडून राहिला तर वार्फेज. प्लॅटफॉर्म उघडा असेल आणि वर पाऊस आला, तर वाचलेले चौदा लाख त्या एका रात्रीत जातात. एकट्या अडत्याच्या कुवतीतले हे काम नाही. दहा-बारा अडते आणि चार-पाच उत्पादक कंपन्यांनी मिळून एक रेक मागवायची, माल आदल्या दिवसापर्यंत धक्क्याजवळच्या शेडमध्ये आणून ठेवायचा आणि समोरच्या बाजारातला गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवायचा, तरच गणित जमते. एकमेकांचा भाव पाडत आलेल्या माणसांना एका बिल्टीवर एकत्र यावे लागेल. आमच्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे, रूळ टाकणे त्यापुढे सोपे होते.

म्हणून बीड स्थानकाकडून मागायचे ते नेमके मागू. पूर्ण रेक उभी राहील एवढ्या लांबीचा मालधक्का, त्यावर छप्पर, रात्री भरणीसाठी उजेड, वजनकाटा, हमालांसाठी पाणी आणि निवारा, आणि मोंढ्यापासून धक्क्यापर्यंत अवजड वाहन अडकणार नाही असा रस्ता. शेवटची गोष्ट रेल्वेच्या हातात नाही, ती नगरपालिका आणि बाजार समितीची आहे. स्थानकाभोवतीच्या जमिनीवर प्लॉट पाडून दुकानगाळे उभे राहिले की मग ट्रक वळवायला जागा उरत नाही. आराखड्यात गोदामांसाठी जागा आत्ताच राखून ठेवली पाहिजे. खासगी मालवाहतूक टर्मिनल उभारण्याची वाट २०२१ च्या गतिशक्ती धोरणाने मोकळी केली आहे. जिनिंगवाल्यांच्या संघाने तिचा विचार करावा.

परतीचा मालही हवा. खत आणि सिमेंट बीडला उतरू लागले, तर रिकाम्या वाघिणी आणाव्या लागणार नाहीत आणि खरिपाच्या तोंडावर खतासाठी होणारी ओढाताण कमी होईल.

सीताफळाची गोष्ट वेगळी आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बालाघाटातले हे फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते. त्याला रेक नको, रात्री निघून पहाटे बाजारात पोहोचणारा पार्सल डबा हवा. २०२० मध्ये देवळाली-दानापूर किसान रेल सुरू झाली तेव्हा थोडा मालही घेतला जाई, सांगोल्याचे डाळिंब तिने दूर गेले. भाड्यातली पन्नास टक्के सवलत संपली आणि त्या गाड्या ओसरल्या. सवलतीवर उभा केलेला व्यवहार टिकत नाही, हे आपल्या उत्पादक कंपन्यांनी त्यातून घ्यावे. कमी भाड्याची वाट न पाहता बीडलाच गर काढून गोठवण्याची सोय झाली, तर नासाडी थांबेल आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या काही घरांना तरी गावातच हंगामी काम मिळेल.

बीड-परळीचा टप्पा अजून बाकी आहे. तो होईपर्यंत माल फक्त नगरकडे जाईल. परळीला रूळ जुळले की लातूर रोड, विकाराबादमार्गे तेलंगण आणि खालचा दक्षिण भाग उघडेल. तिथे सूतगिरण्यांना कापसाच्या गाठी लागतात आणि तिथल्या बाजारांत आपला कांदा जातो. म्हणून त्या टप्प्याची मागणी करताना केवळ निवेदन देऊन थांबू नका. कोणत्या महिन्यात, कोणत्या तालुक्यातून, किती टन माल, कुठल्या बाजारात जातो, याचा तक्ता सोबत जोडा. रेल्वेचे अधिकारी निवेदनांपेक्षा टन पाहतात, आणि ते योग्यच आहे.

असे तक्ते आम्ही गोळा करायला घेतले आहेत. आपल्या अडतीचा, मिलचा, कंपनीचा मागच्या तीन हंगामांचा महिनावार आकडा मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव छापणार नाही. तालुकावार बेरीज करून ती बाजार समित्यांना आणि रेल्वेला एकाच वेळी देऊ.